बुलेटप्रूफ जॅकेटच्या आत घालायला काय घेऊ? भाऊ सुट्टीवर आलाय

मानेवाड्याची_ताई
माझा लहान भाऊ केंद्रीय दलात जवान आहे, वीस दिवसांच्या सुट्टीवर नागपूरला आलाय, पुढच्या सोमवारी परत जायचं आहे. परवा अंघोळ करून उघडाच कूलरसमोर बसला तेव्हा पाहिलं, दोन्ही खांद्यांवर पट्ट्याच्या जागी काळपट वळ अन् पाठीवर बनियनच्या शिवणीच्या रेघेनं घामोळ्या फुटून खपल्या धरलेल्या. विचारलं तर म्हणते "काही नाही नं ताई, सगळ्यांनाच होते". आईला तर दाखवलंही नव्हतं. जॅकेट दहा किलोच्या वर, त्याच्यावर गोळ्यांच्या मॅगझिन, पाणी, हेल्मेट, रायफल, अन् हे सगळं घालून मे महिन्यात जंगलात तासन्‌तास चालायचं. ऑनलाइन ते पाण्यात भिजवून घालायचे थंड बनियन दिसून राहिले, घेऊ का? की खेळाडू घालतात तसे पॉलिस्टरचे टी-शर्ट? आणखी एक, डाव्या हाताची बोटं मधूनमधून बधिर होतात म्हणतो, ते कशानं होत असेल?

संत्रानगरी
ताई, पॉलिस्टरचे घ्या, घाम ओढून घेतात आणि लवकर वाळतात. मी सायकलिंगला तेच वापरतो, कॉटन भिजलं की अंगाला घासते.

कामठीवाला_हवालदार
बेटा, भाऊ नेमका कुठं आहे ते लिहिलं नाही हे फार बरं केलं, पुढंही लिहू नको. मी आता रिटायर आहे पण जॅकेट बरीच वर्षं अंगावर वागवलंय.

भिजवायचं बनियन घेऊ नको. पाणी वाऱ्यानं उडालं तरच गारवा येते, आणि जॅकेटच्या आत वारा येणार कुठून? आपला कूलर खिडकीत न ठेवता बंद खोलीत ठेवला तर दहा मिनिटांत कसं चिपचिप होते, तसंच आत होईल. जेलचे पॅक थोडा वेळ थंड राहतात, मग ते नुसतं ओझं.

संत्रानगरी भाऊंचं सायकलसाठी बरोबर आहे, पण जवानासाठी नाही. स्फोट झाला, आग लागली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, साध्या भाजण्यापेक्षा ती जखम लय वाईट. म्हणून साधं सुती, अर्ध्या बाहीचं, अंगाबरोबर बसणारं, बाजूला शिवण नसलेलं. आणि पाच-सहा घे, कारण खरा आराम कोरडं बदलण्यात आहे, थांबा मिळाला की बदलायचं.

आता वळांचं. माझ्या मते ते वजनापेक्षा बांधणीनं होऊन राहिलं. आधी कंबरेचा पट्टा, पूर्ण श्वास घेता येईल पण जॅकेट हलणार नाही इतका, मग खांद्याचे. कंबर ढिली राहिली की सगळं वजन खांद्यावर लटकते आणि प्रत्येक पावलाला आपटते. जॅकेटमधल्या पुढच्या कडक प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळगीशी यायला पाहिजे. पोरं मान मोकळी राहावी म्हणून ती खाली सोडतात, मग छातीचा वरचा भाग उघडा पडते आणि बसलं की मांडी प्लेटला वर ढकलते. हलकं वाटावं म्हणून प्लेट काढायची मात्र कधीच नाही, हे त्याला माझ्याकडून सांग.

धागेवाला
आतून वारा का जात नाही ते सांगतो, टेक्स्टाइलचा माणूस आहे. आत अ‍ॅरामिड किंवा पॉलिइथिलीनच्या चिवट धाग्यांचे थरावर थर असतात, रायफलच्या गोळीसाठी पुढे-मागे सिरॅमिकच्या कडक प्लेट, बोरॉन कार्बाइड वगैरेच्या. ओलावा आणि ऊन लागलं की अ‍ॅरामिडची ताकद उतरते म्हणून ते थर पाणी न शिरणाऱ्या खोळीत बंद करतात. म्हणजे जी गोष्ट जॅकेट वाचवते तीच घाम अडवते. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, नुसता ओघळला तर काहीच नेत नाही. आणि ओलाव्यानं ताकद उतरते म्हणून आतले थर कधी धुवायचे नाहीत, फक्त वरचं कापड, आणि वाळवायचं सावलीत. प्लेट हातून पडली तर सांगून तपासून घ्यायची, आतला तडा वरून दिसत नाही.

वजन कमी करण्यावर काम सुरू आहे. संरक्षण संशोधन करणारी सरकारी संस्था डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये 'अभेद' नावाची जॅकेटं दाखवली, ८.२ आणि ९.५ किलोची.

फिजिओ_धरमपेठ
ताई, बोटांचं अंगावर काढू देऊ नका. मानेतून हातात जाणाऱ्या नसा कॉलरबोनजवळून जातात, तिथं पट्टा तासन्‌तास दाबला की मुंग्या, बधिरपणा येतो. हात वर करताना जोर कमी वाटला किंवा पाठीचं फरं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बाहेर आलेलं दिसलं तर लगेच युनिटच्या डॉक्टरांना दाखवायचं.

पण मला जास्त काळजी त्या कूलरची वाटते. उन्हाची सवय लागायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात आणि दोन-तीन आठवडे गारव्यात बसलं की ती बरीचशी उतरते. हा वीस दिवस आराम करून थेट जॅकेट चढवणार! आजपासून रोज पाचच्या सुमारास तासभर भराभर चालायला न्या, चांगला घाम येऊ द्या, भर दुपारी मात्र नाही. ड्युटीवर पाणी थोडं थोडं, तासाला दीड लिटरच्या वर नको, सोबत मीठ-साखर, नुसतं पाणीच पाणी प्यायल्यानं रक्तातलं मीठ उतरतं. आणि कोणी बरळायला लागला, तोल जायला लागला तर अंग कोरडं पडायची वाट पाहू नका, अशा उष्माघातात घाम येतच असतो. जॅकेट काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, गाडी येईपर्यंत थांबू नका.

मानेवाड्याची_ताई
सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचे विशेष. सगळं त्याला वाचून दाखवलं. कंबरेच्या पट्ट्याचं ऐकून गप्प झाला, मग म्हणाला की त्याच्या जॅकेटचं डाव्या बाजूचं वेल्क्रो दोन महिन्यांपासून धरतच नाही, म्हणून तो खांदेच आवळून घेतो, आणि रायफलही त्याच डाव्या खांद्याला! इतके दिवस बोलला नाही. गेल्या गेल्या बदलून मागणार आहे, डॉक्टरांनाही दाखवणार. इतवारीतून सहा बनियन आणले, पाचही बोटं घालून शिवणी तपासून. काल फुटाळ्यावर तासभर चाललो, पाठ पूर्ण भिजली होती त्याची. आईनं आज खांदे पाहिले.