चर्चा: उलगड्याआधी पुस्तक मिटावे का?

धागाकर्ता: अभिजात खूनकथेत गुप्तहेर सर्व संशयितांना एकत्र बोलावतो, त्या क्षणी वाचकाने पुस्तक मिटावे आणि खुनी कोण हे स्वतः ठरवल्याशिवाय पुढचे पान उलटू नये, असे माझे ठाम मत आहे. हा साहित्यप्रकार लेखक आणि वाचक यांच्यातील करारावर उभा आहे. गुप्तहेरकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी अशा कथांसाठी १९२९ साली मांडलेल्या दहा नियमांत, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापुढेही तत्काळ ठेवला पाहिजे, अशी अट होती. एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकद्वयाने तर त्याच वर्षीच्या पहिल्या कादंबरीत कथा मध्येच थांबवून वाचकाला उलगड्याचे आव्हान दिले. ते न स्वीकारता पुढे वाचणे म्हणजे लेखकाचे निम्मे कष्ट वाया घालवणे होय.

प्रतिसाद १: असहमत. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची १९२० सालची पहिली कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’, पाहा. पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषध विभागात काम केल्यामुळे त्यांना विषांची उत्तम जाण होती आणि या कथेतील एक निर्णायक दुवा त्याच ज्ञानावर बेतलेला आहे. तो वाचकाला दिसतो, परंतु औषधनिर्मितीची माहिती नसेल तर त्याचा अर्थ लागणे जवळपास अशक्य आहे. मग हा करार बरोबरीचा कसा? शिवाय जो पहिल्या प्रकरणापासून पुरावेच टिपत बसतो, त्याला त्या घरातील माणसांचा हेवा, लोभ आणि भीती जाणवतच नाही, आणि माझ्या मते खरी कादंबरी तिथेच असते.

धागाकर्ता: विष कसे दिले गेले, हे ओळखायला रसायनशास्त्र लागेल, हे मान्य. मात्र त्याच कादंबरीत गुप्तहेर पोआरो शेकोटीवरच्या फळीवरील वस्तू दोनदा नीट लावतो, हे प्रत्येक वाचकाच्या डोळ्यांसमोर घडते, आणि ‘दोनदा का?’ एवढा प्रश्न पुरेसा असतो. आपण म्हणता तो हेवा आणि लोभही तर्काबाहेरचा नाही. किंबहुना कोण कोणाला घाबरून खोटे बोलत आहे, हे ताडण्यासाठी माणसांकडे अधिकच बारकाईने पाहावे लागते.

प्रतिसाद २: मी पहिल्या वाचनात थांबत नाही, कारण एकदा नाव मनात ठरले की प्रत्येक संवाद त्या नावाकडेच वळवला जातो. थांबायचेच असेल तर दुसऱ्या वाचनात थांबावे: खुनी ठाऊक असताना लेखकाने सत्य कोणत्या साध्या वाक्यात उघड्यावर ठेवले होते, हे तेव्हाच दिसते.