प्रति: ग्राफिक्स कार्डाचा पंखा साउंड कार्डाला घासतोय

साउंड कार्डाची पट्टी वाकवू का, असं विचारलंयत. नका हो! आधी कॉम्प्युटरची विजेची वायर काढून जागा मोजा. दोन स्लॉटमधलं (मदरबोर्डावर कार्ड बसवायच्या खाचांमधलं) अंतर २०.३२ मिमी ठरलेलं असतं. अडीच स्लॉट जाडीचं ग्राफिक्स कार्ड तिसरा स्लॉट खातंच, चौथ्यातल्या साउंड कार्डापर्यंत जेमतेम १० मिमी उरतात. त्यात जड कार्डाचं मोकळं टोक खाली झुकतं आणि पंखा साउंड कार्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टोकांना लागतो. माझ्याकडे हेच झालं होतं. टोकाखाली टेकू दिला, आवाज बंद.

तरी खरा उपाय म्हणजे साउंड कार्ड सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये हलवणं. तो स्लॉट लांब असला तरी छोटं कार्ड त्यात बिनदिक्कत चालतं. फक्त मदरबोर्डाचं मॅन्युअल बघा, काही बोर्डांवर एम.२ ड्राइव्ह (बोर्डावरच बसणारी छोटी चपटी एसएसडी) लावली की तो स्लॉट बंद पडतो. अगदीच जागा नसेल तर मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर ठेवून जोडायची केबल) विचारा. (पहिल्याच दुकानात घेऊ नका!) कार्ड मात्र लोंबकळत ठेवू नका, कॅबिनेटच्या पत्र्याला टेकलं तर शॉर्ट होईल.

आणि पंख्यासमोर मोकळी जागा हवीच, मुंबईच्या मे महिन्यात तर जास्तच.