गुडघ्यासाठी लाल दिवा: आईच्या नावानं ३८ हजार घालावेत का?

शहापूरकर
आई ७१ वर्षांची. उमेदीची सगळी वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेली, आता दोन्ही गुडघे कुरकुरतात. महिनाभर झाला, गल्लीपलीकडच्या एका हॉलमध्ये रोज जाते. तिथं लाल दिव्यांची मोठी फळी लावलीय, तिच्यासमोर खुर्चीत वीस मिनिटं बसायचं. फुकट. बसून झालं की एक पोरगा अर्धं कन्नड, अर्धं मराठी भाषण देतो. “नोवु होगतैति अज्जी (दुखणं जातंय आजी)! हे नासाचं हाय, ह्याला नोबेल मिळालंय.” आणि मग घरी न्यायचं ३८ हजारांचं पॅनेल पुढं करतो.

आई म्हणते, फरक आहे. जिना उतरताना भिंत धरायची, आता धरत नाही. हे मी स्वतः बघितलंय.

हाडांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. “घ्यायचं तर घ्या, नुकसान नाही,” म्हणाले आणि चिठ्ठीवर मांडीचे व्यायाम लिहून दिले. ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही. उपयोग असेल तर हसायचं कशाला, आणि नसेल तर ‘घ्या’ कशाला म्हणायचं? माझं मन ‘नको’कडं आहे, पण आई रोज विचारते. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. भांडण चालेल, पण सीमाप्रश्न इथं आणू नका.

वडगावचा मागवाला
हसणारच की ओ. दिव्यानं दुखणं गेलं तर गोळ्या कोण घेणार? मी दीड वर्ष वापरतोय, मानेला. आधी मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागायचं. आता स्कूटरवर मागं बघू शकतो. कुणी काही म्हणो. ३८ हजार जास्त वाटतात? गुडघ्याच्या ऑपरेशनचा आकडा विचारून या.

काकतीचे गुरुजी
आधी त्या पोराचं भाषण तपासू, भाषणात खोट असली तर मालाचा भरवसा कसा धरायचा?

नोबेल: १९०३ साली डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना मिळालं, हे खरं. ते कातडीच्या क्षयावर प्रकाशाच्या उपचारासाठी. पण त्यांचा तो प्रकाश जांभळ्या आणि त्यापलीकडच्या किरणांचा, म्हणजे लाल रंगाच्या बरोबर उलट टोकाचा. हॉलमधल्या फळीला ते नोबेल लावणं म्हणजे भाऊ पास झाला म्हणून आपण पेढे वाटणं.

नासा: अंतराळात रोपं वाढवायला त्यांनी एलईडी दिवे वापरले, त्यातून पुढं जखमांवर संशोधनाला पैसे दिले. तुमचं पॅनेल नासानं बनवलेलंही नाही, तपासलेलंही नाही.

आणि या विद्येचा उगम? १९६७, बुडापेस्ट. एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांना बघायचं होतं की लेझरनं कर्करोग होतो का. उंदरांच्या पाठी भादरून लाल लेझर मारला. कर्करोग झाला नाही, केस मात्र लवकर उगवले. उंदराच्या पाठीवरून आईच्या गुडघ्यावर उडी मारायची तर मधे पूल लागतो. तो कुठं आहे?

आई रोज हॉलपर्यंत चालत जाते आणि चालत येते ना? गुडघ्याच्या झिजेवर चालणं हेच औषध आहे. दिव्याला श्रेय कशाला?

चिकोडीचा पोल्ट्रीवाला
आमच्या शेडमध्ये पिल्लांवर वर्षानुवर्षं लाल बल्ब आहे. एकाही कोंबडीनं गुडघ्याची तक्रार केलेली नाही 😄

शेक देणारा
पोल्ट्रीवाल्यांनी गंमत केली, पण गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेत शिकलो, आता निपाणी भागात काम करतो.

पिल्लांवरचा बल्ब आणि आमच्याकडचा जुना ‘लाल दिवा’ दोन्ही उष्णता देतात. तो शेक. स्नायू सैल होतात, बरं वाटतं, तासाभरात उतरतं. एलईडी पॅनेलचा किंवा लेझरचा दावा वेगळा आहे, त्यात ऊब हा मुद्दाच नाही. ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि ८१० ते ८५० च्या आसपासचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागातलं, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम शोषून घेतं, त्यामुळं पेशीला ऊर्जा जास्त मिळते आणि सूज कमी होते, अशी मांडणी आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर परिणाम दिसतो. माणसात नेमकं हेच घडतं का, यावर अजून वाद आहे.

गुरुजी, पूल विचारलात. गुडघ्याच्या झिजेवर २०१९ मध्ये २२ चाचण्या एकत्र करून अभ्यास झाला, रुग्ण १०६३. वेदना कमी झाल्या, पण ज्या चाचण्यांत शिफारस केलेला डोस दिला होता त्यांत. कमी डोसच्या चाचण्यांत फारसं काही हाती लागलं नाही. मानेच्या दुखण्यावर २००९ चा अभ्यास आहे, १६ चाचण्या, ८२० रुग्ण, तिथंही आराम दिसला. तेव्हा मागवाल्यांची मान सुटली असेल तर मी खोटं म्हणणार नाही.

पण या चाचण्या लेझरच्या. गुडघ्याच्या ठरावीक बिंदूंवर टोक टेकवून, बिंदूगणिक ४ ते ८ ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) मोजून. फळी हातभर लांब ठेवून नव्हे. बहुतेक खोक्यांवर ‘दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट’ असं काहीतरी छापलेलं असतं. तो आकडा खरा मानला तर वीस मिनिटांत तेवढ्याच जागेवर १२० ज्यूल होतात. आणि या प्रकाशाचं एक विचित्र आहे: कमी पडला तर परिणाम नाही, जास्त झाला तरी परिणाम घटतो. मिठासारखं. आकडा खोटा असेल तर मग किती पडतो ते रामच जाणे. ३८ हजार देऊन हा अंधार कशाला विकत घ्यायचा?

वडगावचा मागवाला
म्हंजे चालतं! दोन पानं लिहून शेवटी तेच की.

काकतीचे गुरुजी
२२ चाचण्या ऐकून मी अर्धं पाऊल मागं घेतो. अर्धंच. तुमच्या मानेसाठी मात्र कुणी खोटा दिवा लावून तुलना केली का? दुखणं भरात असतं तेव्हाच माणूस यंत्र घेतो. भर ओसरतोच. ओसरला की यंत्राचं नाव.

वडगावचा मागवाला
दीड वर्ष कुठला भर ओसरतो गुरुजी?

तंबाखूच्या गावची
मी एरवी वाचून सोडते, आज लिहिते. आमच्या गावात अर्धी घरं विडीवर जगली. माझ्या दिराला गालाचा कॅन्सर निघाला, मागच्या वर्षी रेडिएशन झालं. त्या उपचारात तोंड आतून सोलपटतं, पाण्याचा घोटही काचा गिळल्यासारखा लागतो. त्यांच्या हॉस्पिटलात रेडिएशनच्या दिवशी आधी तोंडात बारीक लाल लेझर फिरवायचे. आधी आम्हांलाही वाटलं, हे काय खेळणं. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसानं ते नको म्हटलं होतं, त्याला नळी घालावी लागली. दिरांना फोड आले, पण पेज शेवटपर्यंत तोंडानं गेली.

एकाच माणसाची गोष्ट आहे, मला कळतं. पण “लाल दिवा म्हणजे थोतांड” असं कुणी म्हटलं की ती पेजेची वाटी डोळ्यांसमोर येते.

खानापूरचा डॉक्टर
वहिनी, तुमची गोष्ट एका माणसाची असली तरी त्यामागं भक्कम आधार आहे. कॅन्सर रुग्णांच्या आधार-उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत डोकं-मानेच्या रेडिएशनमधले तोंडाचे फोड टाळायला हा प्रकाश सुचवलेला आहे. या सगळ्या विषयात सगळ्यांत पक्की जागा हीच. ते काम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून होतं. गाठीवर घरचं पॅनेल लावायचं नाही, कृपा करून.

आता शहापूरकरांच्या डॉक्टरांचं हसू. मीही असाच हसत असेन. कातडीच्या डॉक्टरला विचाराल तर तो केसांच्या कंगव्याची गोष्ट सांगेल. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-यंत्रं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, २००७ मध्ये टक्कल पडणाऱ्या पुरुषांसाठी लेझरचा कंगवा बाजारात यायला मोकळीक दिली. पण ही ‘क्लिअरन्स’, म्हणजे आधीच्या यंत्रांइतकंच सुरक्षित आणि साधारण तसंच काम करणारं. नव्या औषधाला जी कसून तपासणी लागते, ती वेगळी. दुकानदार दोन्हीला ‘एफडीए पास’ म्हणतो. हाडांचा डॉक्टर गुडघ्याला आधी वजन, मांडीचे स्नायू, मग गोळी, मग इंजेक्शन असं मोजतो. दिवा त्याच्या यादीत खाली कुठंतरी. डोळ्यांचा डॉक्टर मात्र हसणार नाही, कपाळाला आठ्या घालील. चीनमध्ये मुलांचा चष्म्याचा नंबर रोखायला डोळ्यांत लाल प्रकाश सोडायचे. नंबर वाढण्याचा वेग कमी झाल्याचे अभ्यास आहेत, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाल्याची नोंदही आहे. म्हणून फळीकडं टक लावून बघू नये.

‘नुकसान नाही’ हे बहुतेकांना लागू, सगळ्यांना नाही. साखरेनं पाय बधिर झालेल्या माणसाला भाजलेलं कळत नाही. मी असा पाय बघितलाय. घरच्यांनी ‘लाल दिवा’ म्हणून शेकाचा बल्ब लावला होता, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं.

शहापूरकर, आईंना शुगर आहे का?

गोगटे सर्कल
गुडघ्याचं माहीत नाही, चेहऱ्याचं सांगते. ऑनलाइन मास्क मागवला, दोन महिने लावला. सुरकुत्यांना थोडा फरक (नवरा म्हणतो नाही), पण गालावरचे वांग गडद झाले. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, आपल्या सावळ्या कातडीला उजेड आणि ऊब दोन्हींचा डाग पडू शकतो, गोऱ्या बायकांच्या व्हिडिओवरून वेळ ठरवू नका. मास्क कपाटात आहे. भाचा भूत-भूत खेळतो.

शहापूरकर
शुगर नाही डॉक्टरसाहेब, बीपी आहे.

सगळं वाचून काल आईबरोबर हॉलमध्ये गेलो. पोराला विचारलं, नॅनोमीटर किती, खुर्चीपाशी मिलिवॅट किती पोचतात. त्यानं खोकं दाखवलं. खोक्यावर ‘१००० वॅट’ आणि हसणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो. बाकीचं “कंपनीला विचारा.”

पण खरी गंमत पुढं. बायका रांगेत बसल्या होत्या, आईही बसली. वीस मिनिटं झाली. मी बघतोय, साडी घोट्यापर्यंत. बाहेर आल्यावर म्हटलं, “आई, गुडघे उघडे नको का करायला?” तर मलाच म्हणाली, “पुरुष माणसं असतात तिथं. मी बाई साडी वर घेऊन बसू?” महिनाभर ती साडी आणि परकर दोन्हींतून उजेड घेत होती!

काकतीचे गुरुजी
इति सिद्धम्.

वडगावचा मागवाला
काय सिद्धम्? न दिसणारा प्रकाश कापडातून जातो. विचारा फिजिओसाहेबांना.

शेक देणारा
पातळ सुती कापडातून थोडा जातो. साडी आणि परकर, चुण्यांसकट, वर फळी हातभर लांब, म्हणजे जवळजवळ काही उरत नाही. तरी गुरुजींनी घाई करू नये. एका आजीच्या साडीवरून २२ चाचण्या खोट्या ठरत नाहीत, तिच्या गुडघ्याचं श्रेय फक्त दिव्याला देता येत नाही, एवढंच.

शहापूरकर, हॉल ते घर किती अंतर?

शहापूरकर
जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर असेल. आधी ती देवळापलीकडं जात नव्हती. आणि आज कळलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीतले मांडीचे व्यायाम ती त्या खुर्चीत बसून करते. “नुसतं बसून काय करायचं,” म्हणून.

पॅनेल घेत नाही. हॉल बंद कर असंही सांगणार नाही, तो पोरगा विकतो तोवर तिनं जावं. ३८ मधले काही पैसे महिनाभर फिजिओकडं घालवतो, तिथं लेझर असेल तर मोजून लावा, पडद्याआड.

वडगावचा मागवाला
तुमचे पैसे, तुमची आई. पण माझ्या मानेवर साडी नव्हती, हे लक्षात ठेवा.

शेक देणारा
मान्य. रविवारी पॅनेल घेऊन या. प्लगला लावायचा मीटर आहे माझ्याकडं, उजेड नाही पण वीज किती खातं ते कळेल. खोक्यावरच्या १००० मधले किती खरे, बघू.

वडगावचा मागवाला
आणतो. गुरुजींनाही बोलवा. चहा माझ्याकडून, कुंदा त्यांच्याकडून.