पेजमेकर सोडून इनडिझाइनचं सबस्क्रिप्शन घ्यावं का?

धागाकर्ता, कराड:
मंडळी, माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, छोटं काम आहे, दोन कॉम्प्युटर, मी आणि एक ऑपरेटर. पेजमेकर 7 हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आणि युनिकोडच्या आधीचे श्रीलिपी फाँट यावर इतकी वर्षं काढली. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थेचा अहवाल आणि एक दिवाळी अंक. आता अंकाचे संपादक म्हणतायत पीडीएफमध्ये शब्द शोधता आला पाहिजे, जुन्या फाँटमध्ये ते होत नाही, आणि लेख तर सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्येच (मोबाइलवर टाइप होतं ते मराठी) येतात. त्यासाठी इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर दर महिन्याला पैसे मोजायचे, एकदाच विकत घेऊन मोकळं होता येत नाही. काय करू?

पत्रिकावाला, सांगली:
अजिबात घेऊ नका. पत्रिका कशात केलीय हे गिऱ्हाईक विचारत नाही, त्याला उद्या सकाळी हातात हवी असते. इनडिझाइनवाल्या अडोबी कंपनीने 2013 पासून सगळं भाड्यावर नेलं, हप्ता थांबला की काम थांबलं. मे महिन्यात ठीक आहे हो, पण पितृपक्षात दुकानात माशा मारताना हप्ता कुठून भरणार?

पुस्तकांचं काम करणारी, पुणे:
दादा, पत्रिकेपुरतं बरोबर आहे तुमचं. पण पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, म्हणजे आलेला प्रत्येक लेख जुन्या फाँटमध्ये बदलायला कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि तो वेळ कोणी धरतच नाही. मी एक 240 पानी पुस्तक असंच केलं होतं, लेखिकेने तपासून दिलेला मजकूर, कन्व्हर्ट केल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' सगळीकडे ऱ्या फुटलेला, रफार भलत्याच अक्षरावर. दोन रात्री जागून पुन्हा पहिल्या पानापासून प्रूफ वाचलं तरी एक जागा राहिली आणि तशीच छापली गेली. त्या बाईंना फोन करताना फार वाईट वाटलं मला, त्यांची काहीच चूक नव्हती.

पत्रिकावाला, सांगली:
ताई, हे मान्य. पण जुन्या फायलींचं काय? नवीन इनडिझाइन पेजमेकरची फाईल उघडत नाही, सीएस 6 या जुन्या आवृत्तीपर्यंतच उघडायची. पतसंस्थेचा अहवाल म्हणजे गेल्या वर्षीच्या फायलीत आकडे बदलायचे, तो सगळा नव्याने बसवायचा का?

इंजिनिअर, ठाणे:
पानं लावायचं फुकटातलं सॉफ्टवेअर स्क्रायबस बघितलंत का? त्याची 1.6 आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आलीय, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात.

पुस्तकांचं काम करणारी, पुणे:
ते चांगलं आहे, पण ऐन अंकाच्या घाईत ऑपरेटरला नवीन शिकवायला बसू नका, निवांत महिन्यात शिका. आणि दादांचं फायलींचं म्हणणं खरंच आहे, पेजमेकरचं मशीन मोडू नका, अहवाल तिथेच करा. इनडिझाइन फक्त अंकासाठी घ्या. एक मात्र बघा, वर्षाचा करार करून महिन्याला भरायचा प्लॅन मध्येच सोडला तर दंड लागतो. सुटा महिन्याचा महाग पडतो पण अंक संपला की बंद करता येतो.

धागाकर्ता, कराड:
हे पटलं. सात दिवसांची ट्रायल आज टाकतो आणि गेल्या अंकातली एक कथा, जिच्यात ऱ्या आणि रफार भरपूर आहेत, ती लावून बघतो. पीडीएफमध्ये 'दुसऱ्या' शोधून सापडला तर तीन महिन्यांचे पैसे अंकाच्या दरात धरून संपादकांना सांगतो.