मदत हवी आहे: संदर्भसूची अर्धीच बदलतेय, परवा सबमिट करायचंय

घाईगडबड
मॅन्युस्क्रिप्ट टेक्निकल चेकमधूनच परत आलंय, रिव्ह्यूअरपर्यंत पोचलंच नाही. शेरा एका ओळीचा: 'संदर्भ जर्नलच्या स्टाइलनुसार नाहीत.' स्टाइल बदलली तर काही ठिकाणी आकडे आले, काही ठिकाणी नाव-साल तसंच राहिलं. शेवटची यादी ४१ वर संपते, हवेत ६४. तीनदा करून पाहिलं. परवा शेवटची तारीख आहे. पटकन सांगा प्लीज.

चष्मिष्ट
सॉफ्टवेअर कुठलं? कुठल्या स्टाइलमधून कुठल्या स्टाइलमध्ये? फाइल वर्डची का आणखी कशाची? 'स्टाइल बदलली' म्हणजे नेमकं काय केलंत?

जुनं_खोड
सॉफ्टवेअरच्या नादी लागलं की हे असंच होतं. ६४ म्हणजे काही डोंगर नाही. रात्रभर बसा आणि हाताने टाइप करा. आम्ही प्रबंधाचे संदर्भ कार्डांवर लिहिले, एका कार्डावर एक. चपलांच्या खोक्यात रचून ठेवायचे. एकदा खोकं सांडलं तेव्हा मात्र रडू आलं होतं, हे खरं.

लेटेक्सवाला
लेटेक्समध्ये (कोड लिहून मजकूर मांडायची प्रणाली) लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता. स्टाइलचं नाव एका ओळीत बदलायचं, पुन्हा कंपाइल करायचं, संपलं. त्याचं संदर्भांचं साधन, बिबटेक, १९८५ पासून आहे हो, आजचं नाही.

चष्मिष्ट
@लेटेक्सवाला, परवा तारीख आहे आणि आज लेटेक्स शिकवताय? शिवाय बिबटेकच्या बऱ्याच स्टाइल शीर्षकातली कॅपिटल अक्षरं स्मॉल करून टाकतात. ती टिकावीत म्हणून डीएनए, आरएनए प्रत्येक ठिकाणी महिरपी कंसात घालत बसायचं ते कुणी?

लेटेक्सवाला
एकदाच घालावे लागतात. जन्मभर पुरतात.

घाईगडबड
झोटेरो आहे (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर). फाइल वर्डचीच. आधीच्या जर्नलला एपीए (कंसात नाव-साल) हवं होतं, तिथून नकार आला. हे जर्नल व्हँकुव्हर (आकडे) मागतंय. झोटेरोच्या टॅबमध्ये डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्टाइल बदलली, आणखी काय करणार? आणि हो, ७ आणि २९ नंबरला एकच पेपर दोनदा येतोय.

क्रमांक_एक
व्हँकुव्हर असेल तर हे तपासा. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, त्यांच्यात टिंब नाही की मोकळी जागा नाही. सहापर्यंत लेखक असतील तर सगळे, त्याहून जास्त असतील तर पहिले सहा आणि मग एट अल. म्हणजे 'आणि इतर'. (काही जर्नलं तिनावरच थांबतात, सूचना वाचा.) जर्नलचं नाव संक्षिप्त, पण एकाच शब्दाचं असेल तर अख्खं: नेचर हे नेचरच राहतं. पानं २८४ ते २८७ असतील तर २८४-७ असंच लिहायचं. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकुव्हरला भेटले होते, त्यावरून हे नाव पडलं.

घाईगडबड
अहो हे सगळं सॉफ्टवेअरनेच करायला हवं ना? माझ्या २३-२४ जागी ते काहीच करत नाहीये, प्रश्न तो आहे.

सहज_वाचक
सगळ्या सहलेखकांचे ऑर्किड आयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक) भरलेत का? आमचं एकदा तेवढ्यावरून परत आलं होतं.

तळटीप
जिथे नाव-साल तसंच राहिलंय, तिथे कंसावर एकदा क्लिक करा. मागे राखाडी पट्टा येतो का? येत असेल तर सायटेशन (मजकुरातला संदर्भाचा उल्लेख) जिवंत आहे. येत नसेल तर ती नुसती अक्षरं आहेत, झोटेरोला ती दिसतच नाहीत. मग ती स्टाइलबरोबर बदलत नाहीत आणि यादीतही मोजली जात नाहीत. खात्री करायची तर ऑल्ट आणि एफ-९ दाबा. जिवंत असतील तिथे झोटेरोचा लांबलचक कोड दिसेल, मेलेली तशीच राहतील. पुन्हा तेच दाबलं की सगळं पूर्ववत.

आणि ही फाइल तुमच्याशिवाय कुणी हाताळली?

घाईगडबड
राखाडी येत नाहीये!! सरांनी प्रस्तावना आणि चर्चा हे दोन भाग कॉपी करून कुठल्या तरी ऑनलाइन एडिटरमध्ये नेले होते, तिथे दुरुस्त करून परत पेस्ट केले. मेलेली सगळी त्याच दोन भागांत आहेत. आणि ज्युनिअरने तिच्या लॅपटॉपवरून दोन-तीन संदर्भ घातले होते.

तळटीप
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर दुपार वाचली असती :)

सरांच्या आधीची प्रत असेल तर ती शेजारी उघडा. मजकूर नवा ठेवा, फक्त मेलेला प्रत्येक कंस खोडून तिथे झोटेरोतून सायटेशन पुन्हा घाला. तासाभराचं काम आहे. डुप्लिकेटचं कारण ज्युनिअर. तिच्या लायब्ररीतला पेपर आणि तुमच्या लायब्ररीतला पेपर या झोटेरोच्या लेखी दोन वेगळ्या नोंदी. तिने घातलेलं काढून तुमच्या लायब्ररीतून घाला. पुढच्या पेपरला ग्रुप लायब्ररी करा आणि दोघींनीही त्यातूनच घाला. जर्नलला अनलिंक केलेली (सगळी सायटेशन नुसती अक्षरं केलेली) फाइल पाठवायची असेल तर आधी एक प्रत बाजूला काढा, तो रस्ता एकेरी आहे.

नवा_गडी
एवढं कशाला? यादी चॅटबॉटला द्या, व्हँकुव्हरमध्ये करून देतो.

चष्मिष्ट
मी दिली होती, तीस संदर्भांची. दिसायला देखणी आली. दोन डीओआयमध्ये (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) एकेक आकडा बदललेला होता. त्यातला एक उघडला तर भलत्याच विषयाचा पेपर. सॉफ्टवेअर चुकलं तर निदान चूक दिसते तरी.

जुनं_खोड
कार्डावरचा आकडा आपोआप बदलत नसे. एवढंच नोंदवतो.

शब्दपिसे
मुळात 'सायटेशन'ला मराठीत काय म्हणायचं? 'उद्धरण' म्हटलं तर ते अवतरण वाटतं आणि 'संदर्भ' म्हटलं तर यादी.

क्रमांक_एक
'संदर्भनिर्देश'. वेगळा धागा काढा.

घाईगडबड
मेलेली सगळी पुन्हा घातली, डुप्लिकेट गेलं. आता एक शंका. एक संदर्भ फक्त तक्ता २ मध्ये आहे आणि तक्ते फाइलच्या शेवटी आहेत. त्याला ६३ नंबर मिळालाय. चालेल?

क्रमांक_एक
नाही. मजकुरात तक्ता २ चा उल्लेख पहिल्यांदा जिथे येतो, तिथला क्रम त्याला मिळायला हवा. तुमचं जर्नल वैद्यकीय संपादकांचे नियम पाळत असेल तर हे हमखास तपासतात. सोपा उपाय: मजकुरात 'तक्ता २' लिहिलंय तिथेच त्या संदर्भाचंही सायटेशन घाला.

घाईगडबड
घातलं, २२ झाला. पण यादी ६३ वरच थांबतेय, एक कमी आहे. जुन्या यादीशी ताडून बघते.

घाईगडबड
सापडला. दुरुस्ती करताना सरांनी चर्चेतलं एक वाक्य उडवलं होतं, तो संदर्भ त्या वाक्यातच होता. सरांचा स्वतःचा २०१६ चा पेपर.

तळटीप
तो आधी घाला. बाकीचं नंतर.