व्यसनी बेघर माणसाची दारू आपणच तोडावी का?

सांखळीकर:
आमच्या बाजारात साठीचे एक गृहस्थ भटकत असतात. लोक अजूनही त्यांना ‘मालक’ म्हणतात, कारण गोव्यातल्या खाणी चालू असताना त्यांचे ट्रक खनिज घेऊन आमोण्याच्या धक्क्यापर्यंत फेऱ्या मारत. तरणा मुलगा अपघातात गेला, पाठोपाठ पत्नी वारली, आणि एरवी लग्नकार्यापुरती असलेली फेणी सकाळच्या चहाच्या जागी आली. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्यावर ट्रक विकले गेले. नंतर घरही गेले. त्यांना चार दिवस एका खोलीत ठेवून दारू बंद करावी, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. हे योग्य होईल का?

निवृत्त परिचारिका, फोंडा:
कृपया तसे करू नका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भास, थरथर व भ्रम वाढून जीवही जाऊ शकतो. रुग्णालयात औषधे देऊन त्यांचा डोस हळूहळू कमी करतात, शिवाय थायमिन म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्व टोचतात, कारण उपाशीपोटी पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते व ती तशीच राहिली तर मेंदूला कायमची इजा होते. त्यांना बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात न्या.

ट्रकमालक, कुडचडे:
‘दारूने बुडवले’ हे बोलायला सोपे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमचेही ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले; पण घरात ‘जेवलात का’ विचारणारे कोणी तरी होते. ट्रक चालू होते तोवर या माणसाला पहाटे उठून चालकांना हाका मारायच्या होत्या, दुःख कुरवाळायला सवड नव्हती. धंदा गेला आणि ती सवड दिवसभराची झाली. दारू सुटली, तरी मग त्यांनी सकाळी उठायचे कशासाठी, याचा विचार कोणी केला आहे का?

वकील, मडगाव:
इच्छेविरुद्ध खोलीत कोंडणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. कलम १०० नुसार, असा आजार असल्याचे सकारण वाटणाऱ्या व स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटक्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. कोठडीत ठेवता येत नाही. उपचारांनंतरच्या निवाऱ्यासाठी प्रोव्हेदोरिया या गोव्यातील सरकारी साहाय्य संस्थेच्या वृद्धाश्रमांत चौकशी करावी.

सांखळीकर:
खोलीचा बेत रद्द केला. पोलिसांचे नाव काढताच ते उठून निघून जातात, मात्र त्यांच्या जुन्या चालकाचे ऐकतात. तो सोबत बांबोळीला यायला तयार आहे. त्यांच्याकडे आधारकार्ड नाही आणि नातेवाईक फोन उचलत नाहीत. अशा वेळी बाह्यरुग्ण विभागात नोंदणीसाठी काय न्यावे लागते?