मदत हवी आहे: भजन रंगात आलं की टॅब झोपतो

टाळकरी_गिरगाव
परवा एकादशी आहे, लवकर सांगा. टॅबची स्क्रीन आपोआप बंद होते. आम्ही चाळीत दर एकादशीला भजन करतो. अभंग टॅबवर, टॅब पोथीच्या ठवणीवर, आणि माझ्या दोन्ही हातांत टाळ. धृपद घोळवून पुढच्या कडव्याकडे बघावं तर काळोख! गेल्या खेपेला नाकाने स्क्रीन दोनदा टोचली, तर ती आकडे मागायला लागली. पखवाजवाला एवढा हसला की ठेकाच सुटला. सेटिंगमध्ये सगळं करून झालंय. कायम चालू राहील असं काय करू?

लोकल_८_१२
कुठला टॅब? आणि ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय केलंत?

फणसपोळी
एकदम सोपं आहे. सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, ऑटो-लॉक, तिथे ‘नेव्हर’. फक्त लो पॉवर मोड आधी बंद करा, नाहीतर 30 सेकंदांवर अडकून बसतं.

लोकल_८_१२
हे आयपॅडचं झालं. त्यांचा आयपॅड आहे असं कुठे म्हणालेत?

टाळकरी_गिरगाव
आयपॅड नाही. काळा आहे, दहा इंची.

लोकल_८_१२
काळा. बरं. म्हणजे अँड्रॉइड धरून चालतो.

जुनीखोड
राग मानू नका, पण हरिपाठाचे 27 अभंग पाठ नसतील तर टाळ धरावाच कशाला? आमचे आजोबा कंदिलाच्या उजेडात म्हणायचे.

पखवाजप्रेमी
28.

जुनीखोड
शेवटचा फलश्रुतीचा. तो मोजत नाहीत.

पखवाजप्रेमी
आमच्याकडे मोजतात. म्हणतातही.

वायरमन
हरिपाठ बाजूला ठेवा. टॅबच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’ शोधा, त्यावर 7 वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात ‘स्टे अवेक’ चालू करा. चार्जर लावलेला असेपर्यंत स्क्रीन बंद होणार नाही. बाकी ॲप वगैरेच्या नादी लागू नका.

अळूचं_फदफदं
असले सल्ले देऊ नका हो. आमच्या दुकानात बिलाचा टॅब वर्षभर चार्जरवर होता. बॅटरी फुगून काच उचलली गेली.

वायरमन
वर्षभर ठेवलात म्हणून. तीन तासांच्या भजनाने काही फुगत नाही.

टाळकरी_गिरगाव
वायरमन, तुमचं करून बघितलं. शेजाऱ्यांकडून एक्स्टेंशन आणून चार्जरही लावला. तरी एका मिनिटात बंद! आणि स्क्रीन टाइमआउटमध्ये 15 सेकंद, 30 सेकंद आणि 1 मिनिट एवढंच दिसतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं का?

लोकल_८_१२
हो!! साध्या टॅबवर ते 10 मिनिटांपर्यंत, काहींवर 30 पर्यंत जातं. वरचे पर्याय कोणीतरी कापलेत. नाकाने टोचल्यावर जे आकडे मागितले तो पिन तुम्हीच ठेवलाय का?

टाळकरी_गिरगाव
नाही, मुलाने ठेवलाय. काढायला गेलो तर निघत नाही. टॅब त्याचाच, आधीच्या नोकरीत असताना घेतलेला.

मधलं_घर
तानपुऱ्याचं एखादं चांगलं ॲपही घाला टॅबमध्ये, पांढरी चारला मस्त वाजतं. ब्लूटूथ स्पीकर मात्र नको, आवाज जरा उशिराने येतो.

लोकल_८_१२
टाळकरी, ऑफिसची मेल अजून त्यात आहे का बघा. कंपनीची मेल जोडली की तिचे नियमही टॅबवर चढतात: पिन सक्तीचा, आणि स्क्रीन जास्तीत जास्त अमुक वेळच चालू. तसा नियम असला की वायरमन म्हणतात ते ‘स्टे अवेक’सुद्धा चालत नाही. मुलाला विचारून ते खातं काढा.

वायरमन
म्हणजे माझा उपाय बरोबरच होता. मेल मध्ये आली.

फणसपोळी
टॅब सरळ रिसेट मारा ना.

लोकल_८_१२
नको! सगळे अभंग जातील. शिवाय टॅब कंपनीच्याच नावावर नोंदलेला असेल तर इंटरनेट जोडताक्षणी तेच नियम परत येतात.

टाळकरी_गिरगाव
झालं!! मुलगा रात्री साडेदहाला आला, जेवायच्या आधीच बसवला त्याला. जुन्या ऑफिसची मेल होतीच, दोन वर्षं कोणी उघडलेली नाही. ती काढली, मग पिनही निघाला आणि आता 10 मिनिटं दिसतात. पान सरकवलं की मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे तेवढं पुरे. चार्जरही नको. एक्स्टेंशन सकाळी परत केलं. लोकल, कधी गिरगावात आलात तर भजनाला या.

लोकल_८_१२
येतो. बॅटरी सेव्हर बंद आहे ना, तेवढं बघून ठेवा.

जुनीखोड
त्या टॅबमधला हरिपाठ मोठ्या अक्षरांत आहे का? असेल तर पीडीएफ पाठवाल का? चष्म्याचा नंबर वाढलाय.

पखवाजप्रेमी
28 वाली पाठवा.